ह्यांनी गाडीला दुसरं गाळणं बसवलं

ऐकलंत का वहिनी? आमच्या ह्यांनी पिकअपला दुसरा डिझेल फिल्टर बसवून घेतला. अहो, कंपनीचा होताच की! तो आहे जागेवर. त्याच्या आधी आणखी एक. परवा सकाळपासून बॉनेट उघडं आणि गाडीखालून ह्यांचे नुसते पाय दिसत होते, ते त्यासाठीच. कोपऱ्यावरच्या काकूंनी तर मला तोंडावर विचारलं, गाडीला गिऱ्हाईक आलंय का म्हणून. म्हटलं, गाडी विकली तर घोडेगावचा कांदा काय मी डोक्यावरून नेऊ?

पावसाळ्यातलं तुम्हाला माहीतच आहे. कांदा भरून हे कल्याण रोडनं वाशीला निघाले. टाकळी ढोकेश्वर मागं पडलं नाही तोच गाडी ओढेना. समोर फिल्टरचा पिवळा दिवा लागलेला, पण पुरुषमाणूस दिव्याला भितो का? तशीच दामटली. आळेफाट्याच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. मेकॅनिकनं फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, तर आधी पाणी आलं, मग डिझेल. वर ताडपत्री, त्यावर पाऊस आणि आत कांदा. पहाटेचा बाजार चुकला. आता भाव काय आपल्यासाठी थांबून राहतो?

कुठल्या पंपाचं डिझेल? ते नाव मी घेणार नाही. लोकांच्या भिंतींना कान असतात, आपल्यात तर नुसतं तारेचं कुंपण आहे. डिझेल येतं आपल्याच नगरजवळच्या अकोळनेरच्या डेपोतून. तिथून पाणी कशाला येईल? पंपाची टाकी जमिनीत असते. तिच्या झाकणातून पावसाचं पाणी मुरलं तर ते जाऊन तळाशी बसतं, डिझेलपेक्षा जड ना. टँकर खाली होत असताना तर पंपावर उभंच राहू नये म्हणतात, तळाचा गाळ ढवळून वर येतो. आणि आपण मागितलं तर टाकीतल्या पाण्याची तपासणी दाखवावी लागते त्यांना. दांडीच्या टोकाला पेस्ट लावून आत सोडतात, पाणी लागलं की रंग बदलतो. ह्यांनी एकदा मागितली, तर पोरगं म्हणालं, मॅनेजर जेवायला गेलेत. सकाळी साडेनऊला!

मग गेले आपल्या अण्णांकडं. अण्णा व्हीआरडीईतून, त्या लष्करी गाड्यांच्या संशोधन संस्थेतून, रिटायर झालेले, सरकारी गाड्या खोलण्यात जन्म गेला. डिझेलचा विषय काढला की रणगाडा म्युझियमपर्यंत जाऊन येतात, मग मुद्द्यावर. पण माणूस खरं सांगतो. म्हणाले, जुन्या ट्रॅक्टरला दोन फिल्टर का असायचे? पहिला कापडी, दुसरा कागदी. जाड कचरा पहिल्यानं धरायचा, बारीक दुसऱ्यानं. नव्या गाडीत कॉमन रेल आली, म्हणजे डिझेल हजाराच्या वर बार दाबानं नोझलमध्ये जातं. आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस पन्नास-साठ मायक्रॉनचा असतो म्हणे! तिथं पाण्याचा थेंब गेला तर गंज धरतो, धुळीचा कण गेला तर घासतो. आणि एकेक नोझल हजारोंच्या घरात, तशी चार. मी हिशेबाची वही मिटलीच.

पण जादा फिल्टरचं काम नीट झालं ते दुसऱ्यांदा, बरं का. पहिल्या मेकॅनिकला वाटलं, जितका बारीक फिल्टर तितका चांगला. त्यानं गाडीची टाकी आणि इंजिनाच्या डिझेल पंपाच्या मधे बारीकच कागदाचा घातला. पंपाला डिझेल ओढावं लागतं तिथं, त्याचीच वाट अडवली की हो! वर रबरी नळीचे क्लिप ढिले. त्या बाजूला गळती दिसत नाही वहिनी, डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. रोज पहाटे गाडी एअर घ्यायची, आणि हे हँड प्रायमर दाबत बसायचे फुसफुस, फुसफुस. तुमची झोपमोड झाली ती त्यानंच, मोटरसायकलवाल्यावर उगाच आळ आला.

अण्णांनी मग बजावलं, आधी जाड जाळीचा, पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर, आणि बारीक काम कंपनीच्या फिल्टरवरच सोडा. तो काढायचा नाही, स्वस्तातला डुप्लिकेटही लावायचा नाही. क्लिप नवे, नळी डिझेलची, पाण्याची नाही. एवढं झालं आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली.

नव्या फिल्टरला खाली पारदर्शक वाटी आहे. मी वाकून बघितली. वर पिवळसर डिझेल आणि तळाला पाण्याचा थेंब, काचेच्या गोटीएवढा, गाडी हलवली की इकडून तिकडं घरंगळतो. दोघं एकमेकांत मिसळतच नाहीत. खालची कळ फिरवली की आधी तेवढंच पडतं. कशात पडतं विचारा! माझ्या मुरांब्याच्या बरणीत. म्हणे आत काय ते दिसायला हवं. घ्या, आता मुरांबा करा त्यात.

आणि तो पलीकडच्या गल्लीतला, ज्याची पिकअप सारखी गॅरेजला असते? तो ह्यांना म्हणतो, माझ्याही गाडीला असाच बसवून द्या, माझं डिझेल जरा खराब येतं. येईल नाही तर काय! कॅनमधून घेतो, पंपापेक्षा स्वस्त, कुठून येतं ते त्यालाही माहीत नाही. 2021 मध्ये आपल्या नगरला बनावट बायोडिझेलवर पोलिसांचे छापे पडले होते, ते विसरला वाटतं. अण्णांनी त्याला सरळ सांगितलं, फिल्टर कचरा धरतो, पाणी धरतो, रॉकेल धरत नाही. ते डिझेलमध्ये विरघळून जातं, सगळ्या जाळ्यांतून बिनबोभाट पार होतं आणि वंगण कमी असल्यानं इंजिनाचा पंपच खातं. त्याला दहा फिल्टर लावले तरी काय उपयोग? मग मला ते मनमाडचं आठवलं. पानेवाडीजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं होतं, 2011 साली, 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी. आपल्यापासून कितीसं लांब आहे ते? मनमाड रोड इथूनच तर जातो. मी ह्यांना शपथ घातलीय, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कॅनचं डिझेल गाडीत नको.

अण्णांचं एक मात्र मला पटत नाही. म्हणतात, पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि गार झाली की तिचं पाणी होतं. खरं असेल. पण भरलेली टाकी गल्लीत उभी करायची, म्हणजे डिझेलचोराला आवतणच की. आणि पैसे अडकतात ते वेगळे. शेवटी अर्धी टाकी आणि रोज सकाळी वाटी बघायची, असं आम्ही जमवलंय.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. आता ह्यांना इंजिन ऑइललाही जादा फिल्टर हवाय, बायपासचा. थोडं थोडं ऑइल बाजूला घेऊन सावकाश गाळायचं आणि परत चेंबरमध्ये सोडायचं, म्हणजे काजळी कमी राहते. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, ऑइल वेळेवर बदल, तेच स्वस्त पडतं, आणि ती जादा नळी घाटात फुटली तर सगळं ऑइल रस्त्यावर, इंजिन जाम. हे काही ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. दुकानातून भाव काढून आलेत, कागद खिशात. मी म्हटलं, आधी वाशीहून कांद्याच्या विक्रीची पट्टी येऊ द्या, मग बघू.