लिफ्टचं दार आधी बघा

लिफ्ट म्हटलं की लोकांच्या मनात दोर तुटायची भीती असते. ती जुनी झाली. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्ट बनवणारा एलिशा ओटिस उंच चढवलेल्या पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांदेखत दोर कापायला लावला. पाळणा जागीच अडकला. आजही वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाचं यंत्र तो हेरतं आणि केबिनचे सेफ्टी ब्रेक रुळांना गच्च पकडतात.

माणसांचे जीव जातात ते दाराशी. दार उघडतं, आत केबिनच नसते. जुन्या इमारतींत बाहेरचं लाकडी दार आणि आतली जाळी यांच्यामध्ये लहान मूल मावेल एवढी जागा राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये धारावीत पाच वर्षांचा मुलगा तिथेच अडकला आणि गेला.

दार सांभाळतं ते इंटरलॉक. समोर केबिन नसेल तर दार उघडू द्यायचं नाही. दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही. त्याचा कॉन्टॅक्ट बिघडला की लिफ्ट बंद पडते आणि मेकॅनिकला फोन सुरू होतात: ‘काहीही करा, पण चालू करून द्या!’ मग वायरचा एक तुकडा जोडून कॉन्टॅक्ट बायपास होतो. लिफ्ट चालू, सोसायटी खूश. आता ती उघड्या दारानिशीही धावेल.

लिफ्टचा १९३९ चा कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. पण तुमच्या मजल्यावरचं दार रोज तपासायला निरीक्षक येणार नाही. लॉबीच्या ग्रॅनाइटला हात सैल आणि एएमसीला (वार्षिक देखभाल कराराला) सगळ्यांत स्वस्त कोटेशन, हे थांबवा. सभेत सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा. शेवटची तपासणी कधी झाली? कुठलं इंटरलॉक बायपास आहे का? वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारी यंत्रणा चालते का?

अडकलात तर अलार्म दाबा आणि थांबा. केबिन हवाबंद नसते, जीव गुदमरणार नाही. दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडून उडी मात्र मारू नका. केबिनच्या खाली मोकळा शाफ्ट असतो, तोल गेला की थेट खड्ड्यात.

आणि मेकॅनिक म्हणाला, ‘पार्ट येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवतो’, तर त्याच्यावर ओरडू नका. तोच तुमच्या पोरांची काळजी घेतोय. दोन दिवस जिने चढा.