रविवारी मिक्सर का लावला नाही

बर्लिन, रविवार



खामगावहून निघालेले पार्सल पोहोचले असून, त्यातील कुरड्या निम्म्या अखंड व निम्म्या चुरा अशा मिळाल्या, आणि जवसाची चटणी पिशवी फोडून सर्वत्र समप्रमाणात पसरलेली आढळली. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या मुलाला परदेशात पगार नेमका कशाचा मिळतो, हा मातोश्रींचा फोनवरील प्रश्न मात्र सविस्तर उत्तराचा असल्याने, कपडे यंत्रातून निघेपर्यंत त्याचा विचार येथे केला आहे.

वेब डेव्हलपर म्हणजे संकेतस्थळे बांधणारा कारागीर. एचटीएमएल ही खुणांची भाषा पानाचा सांगाडा उभा करते, सीएसएस त्याला रंगरूप देते आणि जावास्क्रिप्ट त्याला हालतेबोलते करते. यांपैकी शेवटची भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत रचली, आणि त्या घाईच्या डागडुजीवरच पत्रलेखकाचे घर चालते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हे शिक्षण कोणत्याही वर्गात झालेले नसून, शेतीपंपाची वीज रात्रीच येत असल्यामुळे विहिरीवर मोटार राखत बसलेल्या माणसाने ते मोबाइलवर केले, ही गोष्ट आत्या मानत नाहीत. त्यांच्या मते सारे श्रेय बैठकीत लॅमिनेट करून टांगलेल्या एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राचे आहे. वस्तुतः कापसातून रुई, सरकी आणि घट यांचा मेळ बसेपर्यंत वहीवरून उठायचे नाही, ही जिनिंगची सवयच येथे अधिक उपयोगी पडते. निळे कार्ड, म्हणजे कुशल नोकरदाराला जर्मनीत राहण्याचा परवाना, नोव्हेंबर २०२३ पासून या क्षेत्रात पदवीशिवायही मिळू शकते, मात्र गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा तोलामोलाचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार असावा लागतो, सबब बी.कॉम.चे राहिलेले दोन विषय यापुढे कोणत्याही लग्नात काढू नयेत.

काम किती दिवसांत होईल हे ठरवणारी कचेरीतील बैठक ही भेंडवळच्या घटमांडणीचीच शाखा होय, फरक इतकाच की भेंडवळला अठरा धान्ये मांडून एक रात्र थांबतात, येथे पंधरा मिनिटांत भाकीत होते.

आता मिक्सरविषयी. येथे रुहेत्साइट, म्हणजे सक्तीची शांतता, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आणि रविवारी दिवसभर पाळावी लागते. भिंतीला भोक पाडणे, रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणे आणि शेंगदाण्याचे कूट करणे, ही कामे त्यामुळे एकाच पंक्तीत बसतात. खामगावात जो आवाज समोरच्या भोंग्यापुढे ऐकूही आला नसता, त्यावर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी लावली. तेव्हापासून सूनबाई रविवारचा ठेचा चौपदरी टॉवेलवर खलबत्ता ठेवून, प्रत्येक ठोक्यानंतर कान देऊन कुटतात.

शिवाय घरात टीव्ही नसतानाही प्रसारणाची वर्गणी म्हणून दरमहा १८.३६ युरो भरावे लागतात. याचे रुपये करून बाबांनी जेवणापूर्वी पाहू नयेत.

घरच्या बातम्यांबाबत: साखरपुड्यात शेगावच्या कचोऱ्या कमी पडल्या हे थोरल्या काकांचे म्हणणे तपासण्याजोगे असून, त्यांनी स्वतः किती खाल्ल्या हा आकडा त्यात आलेला नाही. धाकट्या काकांना दुकानाचे संकेतस्थळ ‘घरचाच पोरगा’ या दराने हवे आहे, ते दिवाळीपर्यंत होईल. खामगाव-जालना रेल्वे आता नक्की होणार, ही बाबांची बातमी पत्रलेखकाच्या जन्माआधीपासून ताजी आहे. कपिला व्याली, पण गोऱ्हा की कालवड हे कोणीच सांगितले नाही.

पार्सलमधील वर्तमानपत्राचा कागद टाकून दिलेला नाही. चटणीचे तेल लागून तो आरपार दिसू लागला असला, तरी बाजारभावाचा रकाना दोनदा वाचून झाला. सोयाबीन आणि हरभरा नीट लागतात, तुरीच्या आकड्यावर मात्र नेमका डाग पडला आहे. त्या आठवड्यात तूर काय भावाने गेली, तेवढे बाबांनी कळवावे.