चिरंजीव उपस्थिती भत्त्यास

चि. एक रुपया यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तीन दशके तुझ्या अंगावर तोळाभर मांस चढले नाही आणि तरी तू कधी कुरकुरला नाहीस, याबद्दल तुझा जाहीर सत्कार करायचे सगळेच विसरले होते.

तुझा जन्म १९९२ चा. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालील घरातली मुलगी पहिली ते चौथी शाळेत टिकावी, म्हणून महाराष्ट्र सरकारने तिच्या हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया लावला. हिशेब शहाण्या माणसाचा होता. मुलगी शाळेत गेली की धाकटे भावंड कोण सांभाळणार, शेळ्यांमागे कोण जाणार? घरची ती खोट थोडी तरी भरून निघावी, हा हेतू.

पुढे ३० जून २०११ ला पावली चलनातून गेली. तू हललाही नाहीस. महागाई भत्ता हा तुझा सख्खा चुलतभाऊ. त्याचे जानेवारीत आणि जुलैत वजन होते, आणि भरले नाही तर मोर्चा निघतो. तुझ्यासाठी मोर्चा काढायचा तर तो सात-आठ वर्षांच्या पोरींनी काढायला हवा, आणि त्या दिवशी त्यांची गैरहजेरी लागेल.

शाळेचे दिवस २२० धरले, तर एका मुलीला वर्षाला फार तर २२० रुपये. तेवढ्यासाठी दाखले गोळा करायचे, खाते उघडायचे, याद्या करून पंचायत समितीला पाठवायच्या. झेरॉक्सवाल्याला मात्र तुझा खराखुरा लाभ झाला. मुलगी पाचवीत गेली की सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे पूर्वी महिन्याला ६० रुपये मिळत, म्हणजे दिवसाला दोन. एका यत्तेत उत्पन्न दुप्पट! असा परतावा कुठल्या मुदत ठेवीत मिळतो?

पण तुझी खरी करामत पुढेच आहे. ७५ टक्के हजेरी नसेल तर तू मिळत नाहीस. बीडच्या ऊसतोड कामगाराचे बिऱ्हाड दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागते आणि मार्च-एप्रिलला परतते. आईबाप मिळून मजुरीच्या हिशेबात एक कोयता, आणि पोर फडात, धाकट्याला कडेवर घेऊन. तिने १६५ दिवस कुठून भरावेत? म्हणजे जी तशीही रोज शाळेत येते तिला तू भेटतोस, आणि जिच्यासाठी तुझा जन्म झाला ती तुझे तोंडही पाहत नाही. शाळा सुटण्याची भीती जितकी जास्त, तितकी तुझी मदत कमी, हे सूत्र एखाद्या प्रबंधात शोभले असते.

सरकारी पैसा वायाच जातो, असे म्हणायला मी धजणार नाही. याच बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची सोय झाली. आईबाप फडावर असताना पोरीला दोन वेळचे जेवण गावातच मिळायचे, म्हणून ती आजीपाशी थांबायची आणि शाळेत दिसायची. तिथे पैसा अडचणीच्या दारापर्यंत चालत गेला. तू हजेरीपत्रकापाशीच बसून राहिलास.

तेव्हा तुला एकच विनंती. थोरला हो, नाहीतर बाजूला हो. थोरला व्हायचे तर चुलतभावाच्या वजनकाट्यावर चढ, आणि ती ७५ टक्क्यांची अट स्थलांतरित मुलींपुरती तरी सोड. बाजूला व्हायचे तर तुझ्या वाटचा पैसा वसतिगृहाच्या ताटात पडेल असे बघ. तिजोरीत परत गेलास तर तुझ्या त्यागाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतील, जेवू घालणारा कोणी नाही.

तूर्त इतकेच. वडीलमंडळींस साष्टांग नमस्कार. लहानांना या पत्रातून आशीर्वाद पाठवत नाही; मंजुरी मिळून ते त्यांच्या खात्यात जमा होईपर्यंत पोरी पाचवीत गेलेल्या असतील.

तुझा शुभचिंतक,
एक निवृत्त केंद्रप्रमुख