पाहुण्याच्या पायातलं कडं

दिवाळीच्या आगेमागे सोलापुरात थिरथिऱ्या येतो. चिमणीएवढा, वरून काळसर, पोटाला विटकरी आणि शेपटी सतत थरथरवणारा. थंडीने थरथरतो म्हणावं तर सोलापूरची थंडी म्हणजे उन्हाळ्याने टाकलेली अर्ध्या दिवसाची रजा. राज्याचा पक्षीसप्ताह 5 नोव्हेंबरला, आमच्या सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि 12 तारखेला सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. थिरथिऱ्या बहुधा त्याच्या आधीच हजर असतो, उद्घाटनाची वाट पाहत नाही.

तो दिसला की शेजारच्या काकू जाहीर करतात, "आला बघा आपला!" आपला म्हणजे मागच्या वर्षीचाच. कशावरून, असं विचारलं की उत्तर तयार: "शेपटी बघा की. मागच्या साली बी अशीच हालत होती." आता यच्चयावत थिरथिऱ्यांची शेपटी अशीच हालते, हे काकूंना सांगायची छाती आमच्या गल्लीत कुणाची नाही.

नळराजाचं बरं होतं. त्याने धरलेला हंस बोलका होता, आपण कोण ते स्वतःच सांगून मोकळा झाला. मुक्या पाखरांसाठी मात्र डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सन नावाच्या मास्तरांनी 1899 साली युक्ती काढली. साळुंकीच्या जातभाईंच्या पायांत त्यांनी ॲल्युमिनियमची नंबर कोरलेली हलकी कडी घातली. आता अमेरिकेत बर्फ पडला की लोक परसात दाण्याचं भांडं टांगतात आणि परवाना असलेले अभ्यासक तिथे आलेली पाखरं बारीक जाळीत अलगद धरतात. वजन करायचं, पंख मोजायचा, कडं घालायचं, सोडून द्यायचं. पुढच्या हिवाळ्यात तोच नंबर सापडला की वाद मिटला.

काकूही गच्चीवर मातीच्या ताटलीत ज्वारी ठेवतात. पारवे ती फस्त करतात, उरलंसुरलं चिमण्यांना. ज्याच्यासाठी हा थाट तो थिरथिऱ्या ताटलीकडे ढुंकून पाहत नाही, कारण तो किडे खाणारा. दाणे वेचणाऱ्या खऱ्या पाहुण्यांची पंगत आमच्याकडे गच्चीवर नाही, शेतात बसते. मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या मुलखातून भोरड्या येतात आणि रब्बीची ज्वारी दाण्यावर आली की थवेच्या थवे कणसांवर उतरतात. इथे यजमान माळ्यावर गोफण घेऊन उभा असतो, तरी पाहुणे कमी होत नाहीत. ते नाकतोडेही खातात, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. पण हुरड्याच्या दिवसांत ते आठवायला तो काही संत नाही.

आपल्याकडे हे कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते पक्षिप्रेमापेक्षा तापाच्या भीतीमुळे. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली. विषाणू रशियातल्या एका विषाणूचा जवळचा नातलग निघाला, म्हणून संशय गेला तो उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांवर. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि 1959 पासून सालिम अलींच्या हाताखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, पाखरं धरायला घेतली. धरायला कोण? बिहारचे मीरशिकार, पिढीजात पारधी. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचं नाव तर पक्षितज्ज्ञांत आदराने घेतलं जातं. ज्या हातांनी पाखरं बाजारात जायची, त्याच हातांनी ती कडं घालून आभाळात गेली. याहून चांगला हृदयपालट मला तरी माहीत नाही.

आणि एवढ्या खटाटोपातून कळलं काय? तर लहानसहान स्थलांतरी पाखरंही हजारो किलोमीटर जाऊन पुष्कळदा पुन्हा त्याच जागी हिवाळा काढायला येतात. म्हणजे विज्ञान जगभर हिंडून शेवटी काकूंच्या ओट्यावर येऊन टेकलं. फक्त एक अडचण आहे. एवढंसं पाखरू काही थोडीच वर्षं जगतं आणि काकूंचा 'आपला' त्यांच्या लग्नापासून येतोय. तेव्हा मधे कुठेतरी वारस लागले असणार. हे मी अजून बोललेलो नाही.

काकूंच्या नातवाने यंदा थिरथिऱ्याच्या पायात लाल लोकरीचा धागा बांधायची टूम काढली होती. आम्ही ती जागीच मोडली. धाग्याचा पायाला फास बसतो, आणि परवानगीशिवाय रानपाखरू धरणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पण हिप्परग्याच्या तलावावर, शेतात, रस्त्याकडेला कडं घातलेलं पाखरू, जिवंत वा मेलेलं, तुमच्या नजरेला पडलं तर तेवढं एक काम करा. कड्यावरचा नंबर वाचता आला तर टिपा, नाहीतर फोटो काढा. कडं कुठल्या पायात, कुठल्या रंगाचं, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि मुंबईला बीएनएचएसला कळवा. बहुतेक कड्यांची पुन्हा कधीच खबर लागत नाही, म्हणून तुमची एक चिठ्ठीही मोलाची आहे.