तिजोरीविना सीमोल्लंघन

युरोपातील राज्यकर्त्यांविषयी आमच्या मनात जो आदर वर्षानुवर्षे वाढत आला आहे, त्याची कारणे पुष्कळ असली तरी त्यांतील सर्वांत थोर कारण हे की, एखादे सत्कार्य हाती घेतल्याची द्वाही फिरविणे, त्यासाठी मंडळ नेमणे, मंडळास सचिवालय देणे, सचिवालयास नियमावली देणे, आणि त्या नियमावलीच्या एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या कलमात ते सत्कार्य वेळेवर घडू नये याचीही चोख तजवीज करून ठेवणे, ही सर्व कर्तव्ये ते एकाच प्रसन्न मुद्रेने पार पाडतात. छोट्या व मध्यम उद्योगांनी परदेशी भागीदारांसह संशोधन करावे म्हणून सार्वजनिक द्रव्यातून साहाय्य देणारी ‘युरोस्टार्स’ नामक जी योजना तिकडे चालते, तिचे कागद वाचल्यापासून तर हा आदर भक्तीच्या पायरीस पोहोचला आहे. आणि भक्ताने इष्टदेवतेचे गुण गावेत हे आमच्याकडे शास्त्रसंमत असल्यामुळे आज तेवढेच करण्याचा विचार आहे.

१९८५ हे साल त्या खंडातील सरहद्दींना फारसे अनुकूल गेले नाही. त्या वर्षीच्या १४ जूनला लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर, पाच देशांच्या प्रतिनिधींनी आपापसांतील सीमेवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठविण्याचा करार केला. आणि जेमतेम महिना लोटतो न लोटतो तोच, १७ जुलैला, फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये सतरा देश व युरोपीय आयोग यांनी ‘युरेका’ या औद्योगिक संशोधनातील सहकार्याची मुहूर्तमेढ रोवली. अशा रीतीने माणसांची सरहद्द व विद्येची सरहद्द एकाच उन्हाळ्यात ढासळली. राहिली ती तिजोरीची. आणि कोणीतरी घर राखण्यास मागे राहिलेच पाहिजे, या न्यायाने ती जागची हलली नाही. युरेकाने प्रकल्पास मान्यतेचा शिक्का द्यावा व पैसा ज्याने त्याने आपापल्या सरकारकडे मागावा, असा शिरस्ता आरंभापासूनच पडला. ज्याच्या आरोळीवरून हे नाव उचलले तो आर्किमिडीज सिराक्यूजमध्ये बसून अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनीसशी गणिताचा पत्रव्यवहार करीत असे, त्यामुळे सीमापार संशोधनाचा आद्य पुरुष होण्याचा मान त्यास निःसंशय पोहोचतो. परंतु सिराक्यूजच्या हिएरो राजाची मंजुरी व अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी राजाची मंजुरी एकाच सहामाहीत मिळविण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही, म्हणून तर त्यास निवांत स्नानास सवड सापडली.

लहान उद्योगांवर या सरकारांची खास कृपादृष्टी वळली ती २००८ साली. युरेकाच्याच छत्राखाली निघालेल्या युरोस्टार्सच्या पहिल्या पर्वात सहभागी राष्ट्रांनी मिळून तीस कोटी युरो व ब्रुसेल्सच्या मध्यवर्ती खजिन्याने दहा कोटींपर्यंत द्यावेत असे ठरले. २०१४ च्या दुसऱ्या पर्वात हेच आकडे ८६.१ कोटी व २८.७ कोटींवर गेले. आणि २०२१ पासून तिसरे पर्व चालू आहे. नियम पाहू जाता अगदी सरळ आहेत. निदान दोन देशांतील निदान दोन परस्परस्वतंत्र संस्था एकत्र याव्यात. नेतृत्व एखाद्या नवकल्पक लहान वा मध्यम उद्योगाकडे असावे. निम्मा तरी खर्च अशाच उद्योगांच्या वाट्याचा असावा. कोणा एका भागीदाराचा वा देशाचा हिस्सा सत्तर टक्क्यांपलीकडे जाऊ नये. काम तीन वर्षांत संपावे व त्यानंतर दोन वर्षांत माल बाजारात यावा. मोठ्या कारखान्यांच्या दिंडीत टाळ वाजवून कंटाळलेल्या लहान उद्योजकाला येथे प्रथमच वीणा हाती मिळतो, आणि तो हर्षभराने अर्ज मागवितो. त्याचा हर्ष टिकण्याचा काळ म्हणजे अर्ज उघडण्यापूर्वीचा काळ.

कारण पहिला प्रश्न असा की, आपण खरोखरच लहान आहात काय? लहान असणे ही गोष्ट वरून दिसते तितकी सोपी नाही. २००३ च्या युरोपीय व्याख्येप्रमाणे ज्याच्या पदरी अडीचशेहून कमी माणसे, आणि ज्याची वार्षिक उलाढाल पाच कोटी युरोंपर्यंत किंवा ताळेबंदाची बेरीज ४.३ कोटींपर्यंत, तो लहान-मध्यम वर्गात मोडतो. माणसे मोजताना अर्धवेळ नोकर हा माणसाचा अपूर्णांक धरण्यात येतो, आणि भागभांडवलाची वंशावळ तर देशस्थांच्या सोयरिकीइतक्याच बारकाईने तपासली जाते. तुमच्या पेढीत दुसऱ्या कंपनीची पंचवीस टक्के मालकी निघाली की तिची माणसे त्या प्रमाणात तुमच्या माणसांत मिळविली जातात. मालकी निम्म्याहून अधिक निघाली की सगळीच्या सगळी. एवंच, बारा माणसांची पेढी एका रात्रीत बारा हजारांची ठरते, आणि तरीही सकाळी चहाचे पेले बाराच लागतात.

लहानपण सिद्ध झाल्यावर सुस्थिती सिद्ध करावयाची. सरकारी साहाय्याविषयीचा युरोपीय कायदा सांगतो की, ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल साचलेल्या तोट्यात गेले तिला ‘अडचणीतील उद्योग’ समजावे व सामान्यतः साहाय्य देऊ नये. अगदी नव्या लहान उद्योगांना मात्र पहिली तीन वर्षे सूट. वस्तुतः संशोधन करणाऱ्या पेढीने विक्रीच्या आधी कित्येक वर्षे भांडवल खर्चीत राहावे हा तिचा स्वधर्मच आहे; तथापि चौथ्या वर्षी तो धर्म पाळताना आढळल्यास तिला धर्मकृत्याची दक्षिणा नाकारली जाते. ज्याने घरचे पैसे संशोधनात ओतले तो संशोधनाच्या मदतीस नालायक, आणि ज्याने ते पेटीत जपून ठेवले तो लायक, हा निवाडा कठोर वाटला तरी त्यात सरकारी द्रव्याच्या सुरक्षिततेचा जो विचार आहे त्यास तोड नाही.

त्यानंतर शेकडेवारीचे प्रकरण येते. औद्योगिक संशोधन असेल तर मूळ मर्यादा पन्नास टक्के, प्रायोगिक विकास असेल तर पंचवीस. उद्योग लहान असल्यास वीस अधिक, सहकार्य सीमापार असल्यास पंधरा अधिक, आणि या सर्वांवर ऐंशी टक्क्यांची छप्परबंदी. तेव्हा सोमवारी प्रयोगशाळेत झालेले काम संशोधन होते आणि बुधवारी झालेले विकास, हे आधीच्या वर्षी अर्ज भरताना नक्की सांगता आले पाहिजे. हे ज्योतिष उद्योजकास येत नाही; म्हणून ते जाणणारा अर्जलेखकांचा एक वर्ग युरोपभर उदयास आला आहे, जो यशातून हिस्सा घेतो, सर्व भाषांत सारख्याच आत्मविश्वासाने ‘क्रांतिकारक’ हे विशेषण वापरतो, आणि ज्याच्या स्वतःच्या व्यवसायास कोणतीही सरहद्द आड येत नाही. योजनेने सीमापार उद्योग निर्माण केला नाही, असे म्हणणाऱ्यांनी या वर्गाकडे पाहावे.

परंतु हे सारे उंबरठ्यावरचे सोपस्कार झाले. योजनेचा गाभारा पुढेच आहे. सर्व देशांतून आलेले अर्ज एके ठिकाणी जमतात, स्वतंत्र तज्ज्ञ ते तपासतात, गुणानुक्रमे एकच यादी लागते. येथपर्यंत सरहद्दीचे नावनिशाण नाही. मग पैसे वाटण्याची वेळ येते, आणि त्या क्षणी यादीतील प्रत्येक प्रकल्पाचे त्याच्या भागीदारांच्या राष्ट्रीयत्वानुसार तुकडे होतात: फिनलंडच्या भागीदारास फिनलंडने द्यावे, पोर्तुगालच्या भागीदारास पोर्तुगालने, आणि तेही आपापल्या नियमांनी, आपापल्या मुदतीत. एकाच्या पदरी अनुदान पडते, दुसऱ्याच्या देशात कर्जाचा प्रघात असतो. एक सरकार विद्यापीठास देते, दुसरे हात आखडते. या व्यवस्थेस तिकडील दफ्तरी ‘आभासी सामायिक निधी’ म्हणतात. आमच्याकडे ज्याने त्याने आपला डबा आणून एकत्र बसण्याला अंगत-पंगत म्हणतात; फरक इतकाच की, आमच्या अंगत-पंगतीत शेजाऱ्याच्या डब्यातील लोणच्याची फोड उचलण्यास मज्जाव नसतो.

आता समजा, टाम्पेरेच्या चौदा माणसांच्या पेढीने व पोर्तोच्या नऊ माणसांच्या पेढीने मिळून एखादे उपकरण योजिले, दोघांनी लहानपण, सुस्थिती व शुद्ध हेतू यांचे दाखले दिले, तज्ज्ञांनी मान डोलावली आणि यादीत नाव वर लागले. त्याच सुमारास एका देशाची त्या फेरीपुरती थैली आटली. ती पोर्तुगालची असेल असा तर्क वाचकांनी केला असेल, तर तो घाईचा होय. जेथे अर्जदार हुशार व पुष्कळ, तेथील थैली भरघोस असूनही लवकर रिती होते, म्हणून येथे फिनलंडचीच आटली असे धरू. पोर्तुगालकडे पैसा आहे, पण तो फिनिश माणसाला देता येत नाही. फिनिश माणसावाचून प्रकल्प होत नाही. सबब पोर्तुगालचा पैसाही जागीच राहतो, आणि यादीत खाली असलेला एखादा प्रकल्प, ज्याच्या भागीदारांनी बुद्धीपेक्षा जन्मभूमी अधिक चतुराईने निवडली, तो पुढे सरकतो. पेशवाईत हुजुरातून वरात, म्हणजे परगण्याच्या वसुलीवरची चिठ्ठी, सुटली म्हणजे सावकार ती घेऊन परगण्यात जाई आणि कमाविसदार त्यास नम्रपणे रिकामी तिजोरी दाखवी. पण निदान त्या सावकाराला आपला पैसा सरकारकडून येणे आहे एवढे तरी समाधान होते. येथे हुजूर केवळ गुणवत्तेचा दाखला देतो.

या व्यवस्थेतील खरी खुमारी अशी की, हे दोन्ही देश एकच नाणे वापरतात. १ जानेवारी २००२ पासून हेलसिंकीत मिळालेला युरो लिस्बनच्या दुकानात बिनतक्रार चालतो. फिनिश प्रवाशाने तो पोर्तोच्या मद्यावर उधळावा, सार्डिनवर उधळावा, नदीकाठी बसून सगळाच्या सगळा संपवावा. त्यास कोणी अडविणार नाही. मात्र तोच युरो सरकारी तिजोरीतून निघून पोर्तोच्या प्रयोगशाळेत जावयाचा म्हटला की त्यास आपण फिनिश असल्याची तीव्र जाणीव होते. नाण्याला राष्ट्रीयत्व असू नये म्हणून ज्यांनी आपापली जुनी नाणी मोडीत काढली, त्यांनी संशोधनापुरते ते राष्ट्रीयत्व परत बहाल करावे, यावरून राष्ट्रभावना किती दुर्दम्य असते ते कळते.

प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल देणे आम्हास रुचत नाही. राष्ट्रीय खजिनदार सांगतील की, हा पैसा आमच्या रयतेचा आहे. तो परक्या पेढीच्या खिशात कसा गेला असे आमच्या संसदेत विचारले जाईल आणि उत्तर आम्हालाच द्यावे लागेल. शिवाय लहान उद्योजकास ब्रुसेल्सच्या अपरिचित दरबारात खेटे न घालता आपल्याच भाषेत, ओळखीच्या कचेरीत करार करता येतो, ही सोय काही थोडी नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु संशोधनाचे फळ, म्हणजे उपकरण, त्याचे एकस्व, त्याचा नफा, हे सर्व सरहद्द ओलांडणारच आहे आणि ओलांडावे म्हणूनच तर ही योजना आहे. मग केवळ बियाण्याने कुंपणाच्या आत राहावे हा हट्ट रयतेच्या हिताचा की कारकुनाच्या सोयीचा, हे संसदेत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्रीय योजनांचे अधिक एकीकरण व्हावे व करार लवकर व्हावेत, ही शिफारस पहिल्या पर्वाच्या मध्यावधी मूल्यमापनाने केल्याची नोंद दुसरे पर्व मंजूर करणाऱ्या २०१४ च्या युरोपीय निर्णयाच्या प्रास्ताविकातच आहे. शिफारशीची नोंद घेणे हा तिच्या विसर्जनाचा सर्वांत सभ्य विधी होय.

आम्ही भारतीयांनी मात्र या प्रकरणी फार हसू नये. २०१७ साली भारत व इस्रायल यांनी औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षांचा चार कोटी डॉलरांचा निधी जाहीर केला, त्यातही दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे घालावयाचे ठरले, आणि आपल्या पेढीस आपण व त्यांच्या पेढीस त्यांनी पाहावे हीच रीत. भोसरीच्या किंवा सातपूरच्या कारखानदारास हैफाचा जोडीदार मिळाला, तरी त्याला आपली फाइल दिल्लीतच शोधावी लागते. दोघांच्याच संसारात ही रीत कशीबशी निभते. तीसहून अधिक देशांच्या एकत्र कुटुंबात तिचे काय होत असेल याची कल्पना करावी.

आता कोणी विचारील की, ब्रुसेल्सच्या मध्यवर्ती खजिन्याचे दुसऱ्या पर्वातील ते २८.७ कोटी ज्याची थैली आटली त्याच्या कामी का येऊ नयेत? याचेही उत्तर त्या पर्वाच्या नियमात होते. राष्ट्रे जेवढे घालतील त्याच्या जास्तीत जास्त एक-तृतीयांश केंद्राने घालावे, असे प्रमाण ठरलेले. म्हणजे ज्याचा खर्च मोठा त्यास हातभारही मोठा. खरे पाहता अशा मध्यवर्ती रकमेतील एखादा हिस्सा केवळ अडलेल्या प्रकल्पांसाठी बाजूला काढून ठेवला, आणि वरच्या क्रमांकावर असूनही एका भागीदाराच्या देशात पैसा नाही म्हणून जो खोळंबला त्यालाच तो द्यावा असा दंडक केला, तर सत्कार्य घडण्यास फार मोठ्या राज्यक्रांतीची गरज नाही. पण सुबुद्धी शिफारशीने येत नाही, अनुभवाने येते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी आहे की, युरेकाच्या मंत्र्यांची पुढील परिषद युरोस्टार्सच्याच नियमांनी भरवावी. यजमान देशाने कोणासही जेवू घालू नये. प्रत्येक मंत्र्याच्या ताटाची मंजुरी त्याच्या सरकारने आपल्या मुदतीत द्यावी. निदान दोन देशांच्या दोन मंत्र्यांनी जोडीनेच पानावर बसावे, कोणीही एकट्याने सत्तर टक्क्यांहून अधिक खाऊ नये. एकाचे पान मंजूर न झाल्यास जोडीदाराचेही उचलावे, आणि ते जोडीने बसलेल्या पण गुणवत्तेने खालच्या अशा दुसऱ्या मंत्र्यांपुढे मांडावे. ज्यांच्या देशात कर्जाचा प्रघात आहे त्यांनी जेवण सव्याज फेडावे. उपाशी राहणाऱ्यांस त्यांची भूक उच्च दर्जाची असल्याचे लेखी प्रमाणपत्र सचिवालयाने अवश्य द्यावे. एवढा प्रयोग झाला की, जी सुधारणा मूल्यमापनाच्या अहवालांना साधली नाही तिचा ठराव त्याच दिवशी दुपारच्या सत्रात एकमताने संमत होईल, याविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही.