कर्नलसाहेब

ऑफिसचा वॉचमन त्यांना कडक सलाम ठोकतो. सगळे 'कर्नलसाहेब' म्हणतात त्याअर्थी हा गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेला असणार, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात साहेबांनी शाळेत एनसीसीसुद्धा टाळली होती. ते सांभाळतात तो लिनक्सचा कर्नल, आणि त्यावर चालणारं आयबीएम एमक्यू. एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे न हरवता पोचवणारं हे टपालखातं 1993 साली आलं ते एमक्यूसिरीज नावाने. पुढे त्याचं दोनदा बारसं झालं, पण साहेब जुनंच नाव घेतात. काही माणसं अजून व्हीटीचंच तिकीट मागतात, तसं.

अशी एक मूर्ती बहुतेक आयटी कंपन्यांत असते. ओळखायचं असेल तर त्यांच्यासमोर 'डीफॉल्ट' हा शब्द उच्चारा. श्रीखंडात कुणी कस्टर्ड पावडर घातल्यासारखा चेहरा होतो. लिनक्स सहसा एका प्रोसेसला 1024च फाइली उघडू देतं. साहेब तिथे 10240 करतात. आलेलं प्रत्येक कनेक्शनही युनिक्सच्या लेखी फाइलच. "सरकारी कचेरी बघितलीय ना? माणूस दारात आला की आधी त्याची फाइल होते," असं ते नवशिक्यांना समजावतात. शिकवतात मात्र झकास, हे कबूल केलं पाहिजे.

'कीपअलाइव्ह'वर त्यांचा विशेष राग. समोरचा जिवंत आहे का, ही चौकशी लिनक्स करतं 7200 सेकंदांच्या शांततेनंतर. मधल्या फायरवॉलने कनेक्शन कधीच कापलेलं असतं आणि आपला सर्व्हर बिचारा दोन तास वाट बघत बसतो. साहेबांनी ते 300वर आणलं. घरीही तोच नियम. वहिनी माहेरी गेल्या की दर पाच मिनिटांनी फोन : "काही नाही, आहेस ना?" वहिनी आता उचलत नाहीत, नुसता कट करतात. कट केला म्हणजे आहे.

पण खरा जीव सेमाफोरच्या, म्हणजे प्रोसेसना पाळीपाळीने वाट देणाऱ्या सिग्नलांच्या, चार आकड्यांत : 500, 256000, 250, 1024. जुन्या मॅन्युअलमधले हे आकडे त्यांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. गेल्या वर्षी नवा सर्व्हर आला. साहेबांनी रूट होऊन चारी आकडे ठोकले आणि चहाला निघाले. टीममधली नवी मुलगी हळूच म्हणाली, "सर, शेवटचा आकडा आधी 32000 होता. आपण कमी केला." लिनक्सने 3.19 आवृत्तीपासून या मर्यादा इतक्या वाढवल्यात, की जुनी मात्रा आता उलटीच लागू पडते.

साहेब क्षणभर गप्प. मग म्हणाले, "जास्त मोकळीक दिली की शिस्त बिघडते."

त्यानंतर आजवर एकही निरोप अडकलेला नाही. श्रेय अर्थातच त्या चार आकड्यांचं; अप्रेझलच्या फॉर्मातही साहेबांनी तसं लिहिलंय. परवा मी सहज सिसकंट्रोलची, म्हणजे कायमच्या सेटिंगांची, फाइल उघडली. सेमाफोरची ओळ तिथे नाहीच. त्या दिवशी नुसती कमांड दिली, फाइलीत लिहायचं राहून गेलं. पहिल्याच रविवारी पॅचिंगसाठी सर्व्हर रीबूट झाला, तेव्हापासून तो डीफॉल्टवर चालतोय.