धार सोडून बोला

ओझरच्या मिग कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस नाशकात चटकन ओळखू येतो. डोक्यावरून विमान गेलं की तो चहाचा कप खाली ठेवतो आणि नुसत्या आवाजावरून विमानाची जात सांगतो. घरात कुठलीही वस्तू विकत आणायची म्हटलं की ‘मी करतो ना’ म्हणतो, आणि मग ती वस्तू घरात कधीच येत नाही. टायटॅनियमकाका या जमातीचे अग्रणी. बरोबरीच्या कुणी द्राक्षबाग घेतली, कुणी हास्यक्लब गाठला. काकांनी हातोडा उचलला आणि टायटॅनियमच्या सुऱ्या घडवायला घेतल्या.

“पोलादाच्या का नाही?” असं विचारणारा पाहुणा नवखाच असतो. काका चष्मा कपाळावर चढवतात. “पोलाद काय हो, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेला लोहारसुद्धा ठोकतो!” त्या लोहाराची सुरी कापते, हे पाहुण्याच्या अगदी ओठावर येतं, पण तेवढ्यात काकू पोह्यांची बशी पुढे करतात.

भट्टी आहे अंबडच्या एका शेडमध्ये. शेडचा मालक काकांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. कांब नऊशे-साडेनऊशे अंशांपर्यंत तापवायची, काढायची, ठोकायची. चार घाव बसतात न बसतात तोच ती निवते आणि हातोडा नुसता उसळू लागतो. पुन्हा भट्टी. भांडी बाजारातलं तांबं बिचारं हातोडीचं ऐकतं. टायटॅनियम म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई, तापतो पण नमत नाही. शिवाय तापला की हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि अंगावर कडक, ठिसूळ साल चढवतो. ती घासताना डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ठिणग्या उडतात. भुकटीने पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. त्यासाठी काका वाळूची बादली शेजारी ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मुद्दाम दाखवतात.

सुरी तयार झाली की गुणवर्णन सुरू होतं. पोलादापेक्षा चाळीस टक्क्यांनी हलकी. गोदावरीत वर्षभर बुडवून ठेवा, गंजणार नाही. चुंबकाला दाद देत नाही, म्हणून पाण्यातले सुरुंग निकामी करणारे पाणबुडे असलीच सुरी बाळगतात. द्रावणात बुडवून विजेचा दाब कमीजास्त केला, की रंग न लावताही निळी, सोनेरी, जांभळी होते.

“आणि धार?”

इथे काकांना एकदम कमी ऐकू येतं. चांगल्या सुरीचं पोलाद रॉकवेल मापावर साठीच्या घरात असतं आणि विमानातलं नेहमीचं टायटॅनियम छत्तिशीच्या आसपास दम टाकतं, हे त्यांना पाठ आहे. म्हणूनच ते अमेरिकेच्या ब्लॅकबर्ड विमानाकडे वळतात. त्या विमानाचा सांगाडा जवळपास सगळा टायटॅनियमचा, आणि अमेरिकेने तो धातू चक्क रशियाकडून, बनावट कंपन्यांच्या आडून मिळवला!

“पण त्यांनी त्याने कोशिंबीर नव्हती केली,” काकू आतून म्हणतात.

काकूंच्या ओट्यावर पिंपळगावचा टोमॅटो हीच कसोटी. काकांची सुरी ठेवली की टोमॅटो आधी दबतो, मग थोडा विचार करतो आणि शेवटी फुटतो. केक मात्र सुरेख कापला जातो. त्यामुळे कॉलनीतल्या प्रत्येक वाढदिवसाला काका आमंत्रणाची वाट न पाहता हजर असतात.

हसायला सोपं आहे. पण ज्याची सगळी नोकरी दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम विमानाचा एकेक तुकडा करण्यात गेली आणि ज्याच्या प्रत्येक तुकड्यावर तपासनिसाचा शिक्का बसला, त्याला एक तरी वस्तू मुठीपासून टोकापर्यंत आपली हवी असते. ती सोपी असून कशी चालेल? उपयोगाची वस्तू काय, बाजारातही मिळते!

विमानाचा नापास भाग भंगारात जातो. काकूंचा नियम त्या मानाने सौम्य आहे: नापास सुरी शोकेसमध्ये. शोकेस आता भरलंय. परवा काकांनी जाहीर केलं, “सुऱ्या पुरे. आता टायटॅनियमची विळी!” त्याच संध्याकाळी काकू आपली विळी पिशवीत घालून माहेरी ठेवून आल्या.